जुन्या गाडीची ब्रेक लाईन: बदलायची कधी, कशाची आणि कोणाकडून

नागपूरहून बुटीबोरीमार्गे वर्ध्याला जाताना सेलू तालुक्यात केळझर लागते. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, सिद्धिविनायक, इथे टेकडीवर आहे. भीमाने बकासुराला मारले ती एकचक्रानगरी हीच, असे गावात सांगतात. चतुर्थीला मंदिराखाली लागणाऱ्या गाड्यांत नव्या कोऱ्या एसयूव्ही असतात, तशाच एमएच ३१ आणि एमएच ३२ पाट्यांच्या जुन्या मारुती ८००, ओम्नी आणि सुमोही असतात. क्वचित एखादी जपलेली पद्मिनीही दिसते. वीस-पंचवीस वर्षांच्या या गाड्यांचे इंजिन वेळेवर उघडले जाते, क्लच प्लेट बदलते, बॅटरीला दर दोन-तीन वर्षांनी नवा जन्म मिळतो. पॅडलापासून चाकांपर्यंत ब्रेक ऑइल नेणारी बोरूएवढी नळी मात्र गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचीच असते.

ती बदलावी का, केव्हा बदलावी, कोणत्या धातूची घालावी आणि कोणाच्या हातून, यावर जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांत, मिस्त्रींत आणि वाहन तपासणीच्या क्षेत्रात बरीच वर्षे मतभेद आहेत. त्यातले बरेचसे बर्फाच्या, रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशांतून आले आहेत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, काळ्या मातीच्या मुलखात त्यातले किती लागू पडते, हे पाहण्यासाठी हा आढावा.

नळी कुठून आली

सुरुवातीच्या मोटारींत ब्रेक सळया आणि तारांनी ओढला जाई. चार चाकांना सारखा ताण देणे हे रोजचे दुखणे होते. माल्कम लॉकहीडने द्रवाच्या दाबावर चालणारी पद्धत बसवली. १९२१ च्या ड्यूसेनबर्गमध्ये ती चारही चाकांवर आली आणि १९२४ च्या क्रायस्लरने ती सामान्य गाड्यांपर्यंत पोचवली. बंद नळीतल्या द्रवावर कुठेही दाब दिला तरी तो सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम यामागे आहे. चारही चाकांना समान जोर मिळतो तो या नियमामुळे. नळीला एका ठिकाणी भोक पडले की सगळीच ताकद जाते, तेही याच नियमामुळे.

आरंभी नळ्या तांब्याच्या असत. तांबे वाकवायला सोपे, गंजत नाही. पण सतत थरथरत राहिले की कडक होत जाते आणि जोडाजवळ तडकते. त्यावर उपाय म्हणून दुहेरी भिंतीची पोलादी नळी आली. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळायची आणि भट्टीत तापवायची; तांबे वितळते आणि दोन्ही वेढे एकजीव होतात. बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून हिला बंडी नळी म्हणतात. बाहेरचा व्यास ४.७५ मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंच, आणि भिंतीची जाडी जेमतेम ०.७ मिलिमीटर. गंजाला खायला एवढेच पोलाद आहे, हा आकडा पुढच्या सगळ्या वादाच्या तळाशी आहे.

आपल्याकडची कहाणी या नळीभोवतीच फिरते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि १९७० च्या दशकापासून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत चालली. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि तीही २०१४ लाच थांबली. फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या पिढ्यांत ब्रेकचे एकच सर्किट होते. मागच्या चाकाजवळ पाइप फुटला तरी पुढचा ब्रेकही जाई आणि हातब्रेकवर भिस्त उरे. दोन सर्किटांचा टँडम मास्टर सिलिंडर अमेरिकेत १९६८ पासून सक्तीचा झाला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत तो बहुतांशी मारुतीबरोबर आला. त्यामुळे ‘ब्रेक फेल’ या शब्दांचा अर्थ १९७० ची फियाट आणि १९९८ ची ८०० यांत वेगळा आहे. पहिलीत गाडी थांबतच नाही. दुसरीत पॅडल खोल जाते, गाडी बरीच पुढे जाऊन थांबते, आणि मालक म्हणतो, “अजून लागते न ब्रेक.” हे दुसरे प्रकरण मला जास्त धोक्याचे वाटते, कारण त्यात माणूस आणखी महिनाभर गाडी चालवतो.

मिठाचा प्रश्न आणि काळ्या मातीचा

ब्रेक लाईनवरची बहुतेक चर्चा अमेरिका, कॅनडा आणि उत्तर युरोपातली आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला चिकटते. १९९९ ते २००३ च्या जनरल मोटर्सच्या पिकअप आणि एसयूव्हींच्या नळ्या गंजून फुटल्याच्या तक्रारींवर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने काही वर्षे चौकशी केली. एप्रिल २०१५ मध्ये ती बंद झाली आणि गाड्या परत बोलावण्याचा आदेश निघाला नाही. हा एका कंपनीचा दोष नसून मिठाच्या प्रदेशात त्या वयाच्या गाड्यांची सर्वसाधारण झीज आहे, असा निष्कर्ष होता; मालकांना गाडीचे पोट धुण्याचा आणि नळ्या तपासून घेण्याचा सल्ला देण्यात आला. तक्रारदारांचा मुद्दा उलटा होता: सुरक्षेचा भाग गाडीच्या आयुष्याएवढा टिकलाच पाहिजे. नळी हा झिजणारा भाग की कायमचा, हा प्रश्न तिथे असा समोरासमोर आला आणि बऱ्याच अंशी तसाच राहिला.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाते ती कोकणपट्टी. रत्नागिरी, अलिबाग किंवा मुंबईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या गाडीचे पोट आणि वर्ध्यात वाढलेल्या गाडीचे पोट एकाच वर्षाचे असूनही वेगळे दिसते. म्हणून जुनी गाडी घेताना ती कुठे राहिली, हा प्रश्न किलोमीटरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा.

मग केळझरला निर्धास्त राहावे का? तसे नाही. इथे गंजाची जागा बदलते. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती नळीच्या क्लिपांत, मागच्या अ‍ॅक्सलवर आणि पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या पोकळीत जाऊन बसते. ही माती पाणी धरून ठेवते. वरून वाळलेला चिखल आतून कितीतरी दिवस ओला असतो. उघडी नळी चांगली दिसते, पण क्लिप काढली की खाली पापुद्रे निघतात. शिवाय विदर्भात ‘मीठच नाही’ हेही पुरते खरे नाही. ओम्नीच्या मागच्या सीटा काढून खताची पोती नेणारे शेतकरी थोडे नाहीत. म्युरेट ऑफ पोटॅश हे रासायनिकदृष्ट्या क्लोराइड मीठच आहे. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत पत्र्याच्या फटीतून खाली उतरले की समुद्रकाठचेच काम करते.

उभ्या गाडीचे दुखणे निराळे. मुलगा पुण्याला, गाडी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली, आणि वर्षातून दोनदा लग्नाला बाहेर. अशी गाडी ‘कमी चाललेली’ म्हणून जास्त भावात विकली जाते. ब्रेकच्या दृष्टीने ती रोज धावणाऱ्या टॅक्सीपेक्षा अधिक संशयास्पद असते.

कोणता धातू

सगळ्यात जास्त वाद इथे आहे, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त.

पहिली बाजू मूळ पोलादाची. कंपनीने तपासून, विचार करून बंडी नळी दिली, तेव्हा तीच घालावी, असे या बाजूचे म्हणणे. ती मजबूत आहे, दगडाने सहजी चेपत नाही, आणि आता जस्ताबरोबर प्लास्टिकचा थर दिलेल्या नळ्याही येतात. अडचण दोन ठिकाणी येते. पोलाद वाकवायला कडक असते, गाडीखाली झोपून जुन्या वळणात बसवताना नळी चिमटते. आणि थर कुठे खरवडला तर गंज तिथूनच सुरू होतो.

दुसरी बाजू तांबे-निकेलची. साधारण ९० टक्के तांबे, १० टक्के निकेल आणि थोडे लोखंड व मँगनीज असा हा मिश्रधातू. व्होल्वोने १९७६ पासून तो आपल्या गाड्यांत घातला. तो गंजत नाही, हाताने वळतो, त्याचा फ्लेअर, म्हणजे जोडासाठी फुलवलेले टोक, सहज आणि स्वच्छ बसतो, आणि शुद्ध तांब्यासारखा थरथरीने लवकर थकत नाही. पाश्चात्त्य देशांत दुरुस्तीच्या कामात आता त्यालाच पसंती मिळते. त्याविरुद्ध किमतीचा मुद्दा आहेच. शिवाय तो मऊ असल्यामुळे त्याला आधाराच्या क्लिपा जवळजवळ लागतात. जुन्या चार क्लिपा तुटल्या म्हणून नळी लोंबकळत सोडली तर या धातूचा फायदा तिथेच संपतो.

तिसरी, शुद्ध तांब्याची नळी. वाहन उद्योगाचे मानक तिला ब्रेकसाठी मान्यता देत नाही; तरी रस्त्याकाठच्या गॅरेजांत ती घातली जाते, कारण फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडे ती लगेच मिळते. तिच्या बाजूने बोलणारे म्हणतात की अमुक गाडीत दहा वर्षे टिकली. टिकली असेलही. पण तांबे हळूहळू कडक होऊन तडकते, गळतीची आगाऊ सूचना न देता. या बाबतीत दोन बाजू समान तोलाच्या नाहीत. चौथी, स्टेनलेस स्टील. आयुष्य उत्तम, पण फ्लेअर मारायला अतिशय कठीण, आणि जोड बसला नाही तर पाझरत राहतो. शोभेच्या आणि शर्यतीच्या गाड्यांत तिला जागा आहे, गावातल्या सुमोत फारशी नाही.

वर्ध्यासारख्या ठिकाणी चांगल्या थराची पोलादी नळी आणि तांबे-निकेल यांतले कोणतेही नीट बसवले तर गाडीचे उरलेले आयुष्य काढेल. फरक पडतो तो जोडात.

फ्लेअर, आटे आणि पाना

नळीचे टोक नटात बसण्यासाठी ते फुलवावे लागते, त्याला फ्लेअर मारणे म्हणतात. एकेरी फ्लेअरमध्ये टोक नुसते पसरते. ब्रेकच्या दाबाला ते पुरत नाही. जोरात पॅडल मारले की नळीत शंभर बारच्या आसपास दाब जाऊ शकतो आणि पातळ कडा चिरते. म्हणून टोक आधी आत दुमडून मग पसरतात. हा दुहेरी फ्लेअर. काही गाड्यांत त्याऐवजी बुडबुड्यासारखा गोल फ्लेअर असतो. दोन्ही दिसायला जवळचे, बसण्याची जागा मात्र वेगळी. एकाच्या बैठकीत दुसरा घातला तर नट घट्ट लागतो, दोन दिवस सगळे ठीक दिसते, आणि मग नटाच्या मानेजवळ ओल येते.

चांगले काम असे चालते. नळी कापायची ती छोट्या चाकाच्या कटरने, करवतीने नाही. करवतीचा कीस आत राहिला की मास्टर सिलिंडरचे रबर खराब होते. कापल्यावर आतली धार खरवडून काढायची, बाहेरची कड कानशीने हलकी मोडायची. नट आधी नळीत ओवायचा. हे विसरून फ्लेअर मारला की टोक पुन्हा कापावे लागते आणि नळी बोटभर आखूड होते. अनुभवी मिस्त्रीच्या हातूनही हे घडते. साचा घट्ट आवळायचा, ठशाला ब्रेक ऑइलचा थेंब लावायचा, आणि झाल्यावर उजेडात फिरवून पाहायचे: कड सगळीकडे सारखी रुंद हवी, मध्ये केसाएवढीही चीर नको.

आट्यांची गंमत याहून फसवी आहे. ब्रिटिश घराण्यातल्या अ‍ॅम्बेसेडरचे आटे इंचातले, मारुतीचे मेट्रिक. ३/८ इंचाचा नट ९.५ मिलिमीटरचा, इंचाला २४ आट्यांचा. मेट्रिक नट १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा. इंचातला नट मेट्रिक भोकात सैलसर फिरत जातो, शेवटी थोडा आवळल्यासारखाही वाटतो, आणि दाब आला की आटे सोडतो. डब्यात साठवलेल्या जुन्या नटांतून ‘लागला तो’ नट उचलणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे.

जुना नट काढायचा तोही उघड्या तोंडाच्या साध्या पान्याने नव्हे, कारण कोपरे गोल होतात आणि मग पाइप पिळवटूनच निघतो. नटाला जवळपास सगळीकडून धरणारा, नळी जाईल एवढी फट असलेला पाना यासाठी मिळतो. गंजभेदक तेल आदल्या दिवशी मारून ठेवणे हा स्वस्तातला उपाय. नट तरीही हलला नाही तर नळीचा मोह सोडून ती कापायची आणि नटाला बॉक्स पाना लावायचा.

तुकडा की अख्खी

मिस्त्रींत खरा मतभेद इथे दिसतो. एक मत असे की हातभर नळी सडली म्हणून पुढून मागेपर्यंतची चांगली नळी टाकून देऊ नये. सडलेला भाग कापावा, दोन्ही टोकांना दुहेरी फ्लेअर मारून ब्रेकसाठीच्या युनियनने नवा तुकडा जोडावा. नियमाप्रमाणे केलेला असा जोड सुरक्षित असतो, आणि गरीब मालकाचे पैसेही वाचतात. दुसरे मत: एकाच वर्षी बसलेली नळी एका ठिकाणी सडली, तर बाकीची त्याच वाटेवर आहे. शिवाय प्रत्येक जोड ही गळण्याची नवी जागा. तेव्हा अख्खी लाईन बदलावी, आणि गाडी खाली घेतलीच आहे तर चारही.

दोन्हींत तथ्य आहे. दगड लागून चेपलेल्या किंवा एकाच क्लिपखाली सडलेल्या नळीला तुकडा पुरतो. वयाने गंजलेलीला नाही. नवे ऑइल भरून, एअर काढून पॅडल कडक झाले की दाब पहिल्यांदा पुरता जातो, आणि मग पुढची दुबळी जागा फुटते. एक पाइप बदलल्यावर आठवड्यात दुसरा फुटला की मालक मिस्त्रीला दोष देतो. दोष बहुधा जुन्या नळीचा असतो.

वाद नसलेली गोष्ट एकच: नळाच्या फिटिंगमधली दाबून बसणारी पितळी रिंग किंवा वेल्डिंगचा टाका ब्रेक पाइपवर चालत नाही. पाण्याच्या टाकीचा दाब आणि ब्रेकचा दाब यांची तुलनाच होत नाही.

रबर आणि तेल

धातूच्या वादात दोन गोष्टी मागे पडतात. नळी जिथे हलत्या चाकाकडे जाते तिथे रबरी होज असतो. तो बाहेरून चिरतो हे सगळे पाहतात. पण आतून सुजून वाट अरुंद करतो हे कमी जणांना ठाऊक असते. पॅडलाचा जोर ऑइल आत ढकलतो, पाय काढल्यावर मात्र ते परत येत नाही. चाक तापते, गाडी एका बाजूला ओढते, आणि कॅलिपर बदलला जातो. दुखणे असते स्वस्तातल्या होजात. विदर्भाच्या उन्हाळ्यात, जिथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, रबराचे आयुष्य कोकणापेक्षा कमी धरायला हरकत नाही.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते. नवे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. पाणी नळीला आतूनही खाते. बंडी नळीच्या आतल्या बाजूचे तांबे तेलात उतरू लागते आणि तेलातले तांब्याचे प्रमाण पाहणाऱ्या पट्ट्यांनी तेलाचे वय जोखता येते. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. आपल्याकडे ते ‘कमी झाले की भरायचे’ असते, आणि कमी का झाले हे विचारले जात नाही. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल यात कधीही मिसळू नये, डॉट ५.१ चालते. या नावांचा गोंधळ ज्याने घातला त्याने मिस्त्रींना बराच त्रास दिला आहे.

कायदा काय पाहतो

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० रुपये. एका बाजूचे म्हणणे, यामुळे धोकादायक गाड्या आपोआप कमी होतील. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, शुल्कात गेलेला पैसाच पाइप-होज बदलायला हवा होता. वय आणि अवस्था या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये दर वर्षीच्या तपासणीत नळीचा गंज नजरेने पाहून गाडी नापास करता येते. आपल्याकडच्या स्वयंचलित केंद्रांतला रोलर टेस्टर ब्रेकचा जोर मोजतो. कागदाएवढी उरलेली नळीही त्या मिनिटाला पूर्ण जोर देऊ शकते. म्हणजे यंत्र आल्याने खाली वाकून पाहणाऱ्या माणसाची गरज संपलेली नाही.

पन्नास वर्षांवरील गाड्यांना जुलै २०२१ पासून ‘व्हिंटेज’ची वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. अट मूळ रूप राखण्याची. ती चेसिस, बॉडी आणि इंजिन यांवर बोट ठेवते. सिंगल सर्किटच्या फियाटला टँडम मास्टर सिलिंडर बसवून नळ्यांची मांडणी बदलली तर मूळपणा गेला का, यावर संग्राहकांत दोन तट आहेत. रस्त्यावर नियमित न फिरणाऱ्या गाडीला मूळच राहू द्यावे हे एक. रॅलीतही समोर माणसे असतात हे दुसरे.

न सुटलेले

समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हापासून वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेला रस्ता मिळाला आहे. या महामार्गावरच्या अपघातांनंतर टायरच्या तपासणीवर भर आला. पाइप आणि होज त्या चर्चेत फारसे आले नाहीत. ठरावीक वर्षांनी नळी बदलावी की फक्त तपासावी, याचे आपल्या हवामानासाठीचे सर्वमान्य उत्तर नाही; सात वर्षांपासून ‘फुटेपर्यंत’ सगळी उत्तरे ऐकू येतात.

दुसरे उरते ते मालाचे. ब्रेक होजसाठी आयएस ७०७९ आणि ब्रेक ऑइलसाठी आयएस ८६५४ ही मानके आहेत. होजवर छाप आणि बाटलीवर क्रमांक पाहता येतो. मीटरवर कापून मिळणाऱ्या नळीच्या वेटोळ्यावर अनेकदा काहीच छापलेले नसते. खिशात चुंबक असेल तर तांब्याचा रंग असलेले पोलाद लगेच ओळखू येते. तांबे आणि तांबे-निकेल दोन्हींना मात्र ते चिकटत नाही, आणि नव्या नळीच्या रंगातला फरक दुकानातल्या उजेडात सांगणे कठीण. ज्या दोन नळ्यांत फरक कळणे सगळ्यात गरजेचे, त्यांच्यातच गिऱ्हाइकाला दुकानदाराच्या शब्दावर आणि बिलावर लिहून घेतलेल्या नावावर विसंबावे लागते.